बर्फावरचा पास घ्यावा का?

प्रश्न : ताई, डिसेंबरअखेर मुलाकडे डेन्व्हरला दहा दिवस जातोय. तो म्हणतो, स्कीसाठी 'एपिक' पास घेऊ, एकाच पासात खूप डोंगर येतात. आम्ही दोघं पन्नाशीची, स्की कधी पायाला लावली नाही. घ्यावा का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : भाऊ, किती डोंगर येतात ते सोडा, तुम्ही नक्की किती दिवस बर्फावर उभे राहाल ते आधी मोजा. बहिणीच्या आग्रहाने मी चार दिवसांचा पास घेतला होता. पहिल्या दिवशी स्कीची टोकं आत वळवून थांबायला शिकण्यातच दुपार झाली. दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून आल्या की जिना उतरताना कठडा धरावा लागला. उरलेले दोन दिवस वाया गेले, पैसे परत आले नाहीत. तेव्हा फार वाईट वाटलं.

शिवाय त्या पासातल्या ब्रेकनरिज या स्कीच्या गावाचा पायथाच साडेनऊ हजार फुटांवर आहे. आपण सपाट बडोद्याची माणसं, तिथे पहिले दोन दिवस धाप लागतेच.

तुम्ही दोघं नवशिक्यांचा वर्ग घ्या. बऱ्याच ठिकाणी त्यात डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टचं तिकीट आणि सामान मिळून पॅकेज असतं. मुलगा हिवाळाभर जाणार असेल तर त्याने पास जरूर घ्यावा, कारण ऐन सुट्टीत त्याच पासातल्या व्हेल या स्कीच्या गावी खिडकीवरचं एका दिवसाचं तिकीट तीनशे डॉलरच्या वर जातं. पण पासाची विक्री साधारण डिसेंबरच्या सुरुवातीला बंद होते, म्हणून त्याला आजच फोन करा. काही स्वस्त पासांत काही डोंगरांवर नाताळच्या सुट्टीतले दिवस वगळलेले असतात, तेही तपासायला सांगा.