विहीर मोकळी आहे, रहाटावरचा दोरा नाही

प्रश्न : मी चिपळूणजवळ राहतो. आम्ही तीन मित्रांनी पावणेचार लाख रुपये जमवून पन्नास मिनिटांचा एक भयपट करायला घेतलाय. कथा शाळेत असताना वाचलेली. कोकणातल्या एका घराच्या आगरात आकाशातून दगड पडतो, विहिरीचं पाणी बिघडतं आणि घरातली माणसं एकेक करून वेडी होतात. लेखक १९८४ साली वारले. त्यांच्या पुतण्याने व्हॉट्सॲपवर 'छान, करा की' असं कळवलं होतं. निम्मं शूटिंग झाल्यावर पुस्तकाच्या प्रकाशकाची वकिलामार्फत नोटीस आली : काम थांबवा, दोन लाख भरा, नाहीतर अजामीनपात्र गुन्हा दाखल करू. मधल्या काळात कळलं, की ही मराठी कथाच मुळात एका अमेरिकन कथेवरून उचललेली आहे. मग चोरीच्या मालावर हक्क कसला? आम्ही गाव आणि नावं बदलली आहेत, लेखकाला श्रेय देणार आहोत आणि फिल्म यूट्यूबवर फुकट टाकणार आहोत. दोन लाख द्यावे लागतील का? सोबत पटकथा जोडली आहे.

उत्तर : नमस्कार. पत्र दोनदा वाचलं, पटकथा एकदा, आणि मग दोन्ही कथा शेजारी ठेवून एक रविवार घालवला. वकिलीत असा रविवार क्वचित मिळतो, त्याबद्दल आधी आभार.

ती अमेरिकन कथा म्हणजे एच. पी. लव्हक्राफ्टची 'द कलर आउट ऑफ स्पेस'. 'अमेझिंग स्टोरीज' या मासिकात ती सप्टेंबर १९२७मध्ये आली. बिचाऱ्याला तिचे २५ डॉलर मिळाले, तेही तगादे लावून. लव्हक्राफ्ट १९३७ साली गेला. तेव्हा आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं कॉपीराइट चालायचा, म्हणजे त्याचे हक्क भारतात १९८७ अखेर संपले. पुढे १९९२च्या दुरुस्तीने ही मुदत ६० वर्षं झाली, पण आधीच संपलेले हक्क तिने परत जिवंत केले नाहीत. ब्रिटन आणि युरोपात मृत्यूनंतर ७० वर्षं धरतात, ती २००७ अखेर भरली. अमेरिकेत १९२७ साली छापलेलं सगळं २०२३च्या १ जानेवारीला मोकळं झालं. तेव्हा ही कथा तुम्ही चिपळुणात करा नाहीतर लंडनच्या महोत्सवात न्या, लव्हक्राफ्टच्या बाजूने कोणी हात धरणार नाही.

अडचण मराठी कथेची आहे. लेखक १९८४ साली गेले, म्हणजे त्यांच्या लिखाणावरचा हक्क ३१ डिसेंबर २०४४पर्यंत चालू राहील. 'चोरीच्या मालावर हक्क कसला' हा तुमचा सवाल कोर्टात मांडता येतो. ती कथा आली तेव्हा लव्हक्राफ्टला जाऊन ५० वर्षं झाली नव्हती आणि पुस्तकात कुठे 'आधारित' असा शब्दही नाही. (त्या पिढीच्या दिवाळी अंकांत 'स्वैर' हा एक शब्द टाकला की सगळं पवित्र व्हायचं. इथे तोही नाही.) पण या मुद्द्यावर चित्रपट उभा करू नका. मेलेल्या अमेरिकन लेखकाचं मराठी लेखक काही देणं लागत असतील, तर ते त्याच्या वारसांचं, तुमचं नव्हे. शेजाऱ्याने सरकारी जागेत घर बांधलं म्हणून त्याच्या घरातला पंखा आपण काढून आणू शकत नाही.

म्हणून कथेतलं कुठलं काय कोणाचं, हे तांदूळ निवडावेत तसं निवडावं लागेल. कायदा सांगतो की कल्पना, विषय, कथाबीज यावर कोणाचा हक्क नसतो. ती ज्या रूपात मांडली त्या रूपावर असतो. १९७८च्या आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठरवलं. 'हम हिंदुस्तानी' हे नाटक आणि 'न्यू दिल्ली' हा चित्रपट, दोन्हींचा विषय प्रांतवाद. नाटककार हरले. कसोटी अशी : दोन्ही पाहिलेल्या साध्या प्रेक्षकाला 'अरे, हे तर त्याचंच' असं स्वच्छ वाटतं का?

ही कसोटी तुमच्या पटकथेला लावली आणि गंमत झाली. तुम्ही पत्रात कबुलीच्या सुरात लिहिलंय, की धरणाची मोजणी करायला आलेला ओव्हरसियर आणि त्याला जुनी हकिकत सांगणारा म्हातारा शेजारी 'आम्ही कथेतून जसेच्या तसे घेतले'. कोयनेच्या पाण्याशेजारी वाढलेल्या माणसाला धरण कोकणातलंच वाटणार. पण ते लव्हक्राफ्टचं आहे. त्याच्या कथेतही नव्या जलाशयासाठी मोजणीला आलेला माणूस ती जळकी जमीन पाहतो आणि अमी पिअर्स नावाचा म्हातारा त्याला सगळं सांगतो. उल्का, तिची तपासणी करूनही हात टेकणारे प्रोफेसर, मोठी पण कडवट झालेली फळं, करडी पडून ठिसूळ होणारी गुरं, माडीवर कोंडलेली बायको, विहिरीतून वर जाणारा नाव नसलेला रंग, हे सगळं १९२७चं आहे. बिनधास्त घ्या.

आता मराठी लेखकाचं काय? आजी. मूळ कथेत आजी नाहीच. दर अमावास्येला रहाटाला काळा दोरा बांधणारी, 'तिला तहान लागते' म्हणत विहिरीत दह्याभाताचा घास सोडणारी ही आजी, तिची ती तीन-चार वाक्यं आणि शेवटी नातीने दोरा सोडण्याचा प्रसंग, हे मराठी लेखकाचं स्वतःचं. खरं सांगू? कथेत अंगावर काटा तिथेच येतो. तुमच्या पटकथेत ही आजी सहा दृश्यांत आहे, संवादही जवळपास तेच. त्या सहा दृश्यांपुरती नोटिशीतली तक्रार खरी आहे.

आणखी एक जागा आहे, जी प्रकाशकाच्या लक्षात आलेली नाही. सत्ताविसाव्या दृश्यात आई आणि धाकटा मुलगा एकमेकांत वितळून एक होतात. हे लव्हक्राफ्टमध्ये नाही आणि मराठी कथेतही नाही. ते लव्हक्राफ्टच्या याच कथेवरच्या, २०१९च्या, निकोलस केज असलेल्या चित्रपटातलं आहे. तो तुम्ही पाहिलाय आणि नकळत तो पटकथेत उतरलाय. ते दृश्य काढा. जुन्या कथेवरच्या नव्या चित्रपटात असा चकवा नेहमी असतो : कथा मोकळी, पण चित्रपटाने घातलेली भर मोकळी नाही. याच कथेवर २०१०मध्ये 'डी फार्बे' नावाचा कमी पैशांतला जर्मन चित्रपट आला. सगळा कृष्णधवल, फक्त तो परका रंग रंगीत. 'न दिसणारा रंग दाखवायचा कसा' या प्रश्नाला पावणेचार लाखांत परवडणारं इतकं चांगलं उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही. ही युक्ती तुम्ही वापरू शकता, त्यांच्या चौकटी नाही.

तुमच्या तीन बचावांचं आता. नावं बदलली, श्रेय दिलं, फुकट दाखवणार. जर्मनीत १९२२ साली प्राना-फिल्म या नव्या कंपनीने फ्रीडरिश मुर्नाऊकडून 'नोसफेराटू' करून घेतला. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' कादंबरी १८९७ची, स्टोकर वारला १९१२ साली. कंपनीने परवानगी घेतली नाही. ड्रॅक्युलाचा काउंट ऑरलॉक केला, बाकीची नावं बदलली, आणि वर सुरुवातीच्या पाटीत सरळ लिहिलं की हे स्टोकरच्या कादंबरीवरून. स्टोकरची विधवा फ्लोरेन्स हात धुऊन मागे लागली. कंपनीचं दिवाळं निघालं, तरी ती थांबली नाही. शेवटी १९२५मध्ये कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. परदेशी गेलेल्या प्रती वाचल्या म्हणून आज आपण तो पाहतो. श्रेय म्हणजे परवानगी नव्हे. उलट परवानगी नसताना दिलेलं श्रेय हा समोरच्याच्या हातात दिलेला कबुलीजबाब असतो. फुकट दाखवण्याचा फायदा एवढाच, की गुन्हा सिद्ध झालाच तर शिक्षा कमी करताना कोर्ट त्याचा विचार करू शकतं.

पुतण्याच्या मेसेजबद्दल. परवाना लेखी हवा असं कॉपीराइट कायद्याचं कलम ३० म्हणतं. २०१२च्या दुरुस्तीनंतर त्यावर सहीचा आग्रह उरलेला नाही, त्यामुळे व्हॉट्सॲपचा मेसेज लेखी धरावा असा युक्तिवाद मी हसत करीन. पण देणारा मालक तर हवा! तुम्ही म्हणता लेखकाला पत्नी, मुलगा आणि मुलगी आहेत आणि मृत्युपत्र नाही. मग हिंदू उत्तराधिकार कायद्याने मालक ते तिघं. पुतण्या कितीही प्रेमळ असला तरी त्याचा संबंध नाही. मेसेज मात्र पुसू नका, फोनही विकू नका. तुम्ही लपूनछपून काही केलं नाही, हे दाखवायला तो उपयोगी आहे.

प्रकाशकालाही हाच प्रश्न विचारायचा : तुम्ही मालक आहात का? पुस्तक छापायचा हक्क वेगळा, त्यावर चित्रपट करायचा हक्क वेगळा. हक्क हस्तांतरित करायला लेखकाच्या सहीचा कागद लागतो आणि नोटिशीत त्या कागदाची तारीखसुद्धा नाही. तुमचे एक मित्र कुठेतरी वाचून म्हणताहेत, की करारात मुदत नसेल तर तो पाच वर्षांत संपतो. नियम खरा आहे, पण १९९४ची दुरुस्ती लागू होण्याआधीच्या करारांना तो लागत नाही, आणि लेखक तर १९८४ सालीच गेले. त्यामुळे जुन्या करारातले शब्दच वाचावे लागतील. 'आवृत्ती', 'छपाई', 'रॉयल्टी' एवढंच असेल तर चित्रपटाचे हक्क घरीच राहिले आणि प्रकाशकाला तुमच्याकडे एक रुपयाही मागता येणार नाही.

'अजामीनपात्र' या शब्दाने तुमची झोप उडाली असं लिहिलंय. शब्द खोटा नाही. कलम ६३मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे, आणि २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचं सांगितलं. पण तो जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला लागतो. नोटीस मिळेपर्यंत तुम्ही समजत होता की घरातून होकार आहे. नोटिशीनंतर मात्र 'माहीत नव्हतं' म्हणता येत नाही, म्हणून आजीची दृश्यं आज, या क्षणी थांबवा. बाकीचं शूटिंग चालू ठेवायला हरकत नाही.

करायचं असं. पटकथेच्या प्रत्येक दृश्यापुढे तीन रकाने आखा : लव्हक्राफ्टमध्ये आहे, मराठी कथेत आहे, आमचं आहे. त्यासाठी मूळ इंग्रजी कथा वाचा, तिचा मराठी अनुवाद नको, कारण अनुवादकाचा हक्क पुन्हा वेगळा. हा तक्ता तारीख घालून तिघांनी सही करून ठेवा. वाद कोर्टात गेलाच तर माझ्या भाषणापेक्षा तो जास्त बोलेल. नोटिशीला मुदतीत उत्तर जायलाच हवं, त्यात माफी नको आणि शिव्याही नकोत. मूळ कथा मोकळी आहे, चित्रपट तिच्यावरून आहे, तुमच्याकडे हक्क असल्याचा करार दाखवा, एवढंच. पोकळ धमक्या चालूच राहिल्या तर कलम ६०खाली आपणही दावा लावू शकतो, पण तिथवर जाऊ नये असं मला वाटतं. पावणेचार लाखांच्या फिल्मला कोर्टाच्या चार तारखाही महाग पडतात.

आणि आजी? दोन वाटा आहेत. एक म्हणजे तिला काढा, तुमच्या स्वतःच्या वाडीतली दुसरी कोणीतरी शोधा. दुसरी वाट, लेखकाच्या घरी जा. पत्नी, मुलगा, मुलगी, तिघांनाही भेटा, पुतण्याला पुढे करून नव्हे. करारात तिघांच्या सह्या, कुठली कथा, कुठला हक्क, किती वर्षं, कुठल्या देशांत, पैसे किती, आणि यूट्यूब व महोत्सव यांचा नावाने उल्लेख. चित्रपट कधीपर्यंत पुरा करणार तेही लिहा, नाहीतर वर्षभरात हक्क वापरला नाही म्हणून तो हातचा जाऊ शकतो. शेवट बदलणार असाल तर तसं स्पष्ट लिहून घ्या. मन्नू भंडारींच्या 'आपका बंटी'वरून 'समय की धारा' झाला तेव्हा हक्क विकलेले असूनही त्यांनी विपर्यासाच्या मुद्द्यावर दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली होती. रक्कम तुमच्या ऐपतीत मागतील असा माझा अंदाज आहे. घरच्यांना बहुधा पैशांपेक्षा कोणी विचारायला आलं याचं अप्रूप जास्त असतं.

पुढच्या फिल्मसाठी आणखी कोणाच्या कथा घेता येतील असं ताज्या कलमात विचारलंय, त्याचं थोडक्यात. ब्रिटिश भयकथाकार अल्जरनॉन ब्लॅकवूड १९५१ साली गेला, भारतात आणि ब्रिटनमध्ये दोन्हीकडे मोकळा. अद्भुतकथा लिहिणारा लॉर्ड डनसेनी १९५७ साली गेला, इथे मोकळा, पण ब्रिटनमध्ये २०२७ अखेरपर्यंत नाही, तेव्हा तिकडच्या महोत्सवाचा बेत असेल तर थांबा. आणि तुम्ही कळवलेलं 'द लर्कर ॲट द थ्रेशोल्ड' हे मुखपृष्ठावर लव्हक्राफ्टचं नाव असलं तरी मुख्यतः त्याचा चाहता आणि प्रकाशक ऑगस्ट डर्लेथ याने लिहिलेलं आहे. डर्लेथ १९७१ साली गेला, म्हणजे भारतात २०३१ अखेरपर्यंत हात लावू नका.

नोटिशीवरची तारीख पाहता तुमच्याकडे नऊ दिवस आहेत. तक्ता आधी करा. तो आणि नोटिशीचं पाकीट, शिक्क्यासकट, घेऊन या. आणि शनिवारी रहाटाचा सीन लावलाय म्हणता, तो लावा. फक्त दोरा बांधू नका.