टेथिस की थेटिस?

प्रश्न असा: हिमालयाच्या जागी पूर्वी ‘टेथिस समुद्र’ होता असे भूगोलात शिकवतात. ती टेथिस म्हणजे ग्रीक पुराणकथांतला वीर अकिलीस याची आई थेटिसच का? आणि ‘थेटिस समुद्र’ लिहिले तर चालेल का?

दोघी वेगळ्या, म्हणून चालणार नाही. नाते मात्र जवळचे आहे: टेथिस आजी, थेटिस नात. प्राचीन ग्रीक कवी हेसिऑडच्या काव्यात टेथिस ही गाया (पृथ्वी) आणि युरेनस (आकाश) यांची मुलगी, टायटनांपैकी (देवांच्या आधीच्या पिढीपैकी) एक. भाऊ ओशियानस हाच तिचा नवरा. नाईल, डॅन्यूब वगैरे नद्या ही त्यांची मुले (ग्रीकांच्या लेखी नद्या पुल्लिंगी), शिवाय तीन हजार मुली. त्यांतल्या डोरिसला नेरेउसपासून पन्नास मुली झाल्या, त्यांतली एक थेटिस. अकिलीसला टाचेला धरून ज्या स्टिक्स नदीत बुडवल्याचे सांगतात, तीही टेथिसचीच थोरली लेक. म्हणजे थेटिसची सख्खी मावशी!

घोळ होतो तो अक्षरांच्या अदलाबदलीमुळे. मूळ ग्रीकमध्ये आजीच्या नावात आधी त, मग थ. नातीच्या नावात आधी थ, मग त. इंग्रजीमार्गे येताना त चा ट झाला, पण क्रम टिकला. काटेकोर लिहायचे तर ‘तेथिस’ आणि ‘थेतिस’ हवे. पण टेथिस आता इतके रुळले आहे की ते बदलण्यात अर्थ नाही. रोमन लिपीतून उतरवताना शेवटचा स्वर बघावा: वाय असेल तर आजी, आय असेल तर नात.

टेथिसला सरसकट ‘समुद्रदेवी’ म्हणणे मला पटत नाही. ओशियानस म्हणजे मुळात पृथ्वीला वेढून वाहणारा प्रवाह, आणि टेथिस नद्यांची आई. तिचे नाव समुद्राला मिळाले ते 1893 मध्ये, एडुआर्ड स्यूस या ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकामुळे. आपल्या देवघरातला शाळिग्राम याच समुद्रातला: नेपाळमधल्या गंडकीच्या खोऱ्यात सापडणारे हे दगड म्हणजे अमोनाइट जातीच्या शंखधारी जलचरांचे जीवाश्म. त्यावरची वलये त्या शंखाचीच.

खगोलाचे भाषांतर करतानाही हीच काळजी घ्यावी. टेथिस हा शनीचा उपग्रह, खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीने 1684 मध्ये शोधलेला. थेटिस हा 1852 मध्ये सापडलेला लघुग्रह, क्रमांक 17.