“मी कोणाच्याही घरी मुक्काम करणार नाही”

एप्रिल उजाडला की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांच्या तोंडी एक काळजी हमखास असते: वयात येणारी मुलगी किंवा मुलगा सहलीला यायला तयार असतो, पण वाटेत ओळखीच्यांकडे राहायचे म्हटले की साफ नकार देतो, तेव्हा हे मूल पुढे माणूसघाणे तर होणार नाही ना? ही तक्रार मामा-आत्यांच्या घरांबाबत क्वचितच ऐकू येते. ती बहुतेक वेळा आई-वडिलांच्या मित्रमंडळींच्या घरांबाबत असते. मामाच्या घरी मुलाचे स्वतःचे नाते असते. वडिलांच्या मित्राच्या घरी मात्र मैत्री वडिलांची असते आणि तिचा शिष्टाचार मुलाला पाळावा लागतो.

नागपूरच्या प्रतापनगर भागातील एक आई याच काळजीने आली होती. तिच्या मुलीला मी येथे सई म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि हा अनुभव लिहिण्यास मायलेकींची संमती आहे. सई तेरा वर्षांची. तिचे वडील येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी, ज्याला आज व्हीएनआयटी म्हणतात आणि त्यांची पिढी अजून व्हीआरसीईच म्हणते. वसतिगृहातले मित्र छत्रपती संभाजीनगर, नाशिक, पुणे आणि सातारा येथे विखुरलेले, आणि दर उन्हाळ्यात मोटारीने निघून एकेकाच्या घरी उतरत जायचे, हा त्यांचा आवडता बेत. समृद्धी महामार्ग नव्हता तोवर एका सुट्टीत एखाददुसरे घर व्हायचे. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि पहाटे निघालेली गाडी दुपारच्या जेवणाला संभाजीनगरात पोहोचू लागली, तशी यादीतली घरे वाढली. बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर असताना नागपुरात कूलरपुढे बसून राहण्यापेक्षा हे बरे, असे वडिलांना वाटणे स्वाभाविकच होते.

“मॅडम, ती म्हणते हॉटेलात राहू, नाहीतर मला आजीकडे ठेवून जा,” आई सांगत होती. “हॉटेलात उतरलो तर ह्यांचे मित्र आयुष्यात तोंड पाहणार नाहीत. दिवसभर मोबाइल घेऊन बसते, माणसं नकोच झाली आहेत तिला.”

मोबाइलचा मुद्दा मी बाजूला ठेवला. हल्ली मुलांच्या प्रत्येक नकाराचे खापर त्याच्यावर फोडले जाते आणि खरे कारण शोधायचे राहून जाते. सईच्या आईला मी आधी एवढेच समजावले की नव्या घरात, नव्या माणसांत रुळायला वेळ घेणे हा दोष नव्हे. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञांनी 1956 पासून न्यूयॉर्कमध्ये मुलांच्या उपजत स्वभावाचा दीर्घकाळ अभ्यास केला, तेव्हा सुमारे 15 टक्के मुले ‘हळूहळू मोकळी होणारी’ या गटात बसली. अशा मुलांना दार उघडताच “काकूंना गाणं म्हणून दाखव” म्हणून पुढे ढकलले की ती अधिकच मिटतात. मात्र सईचे उत्तर एवढ्याने मिळत नव्हते, कारण आईच्याच सांगण्यानुसार दोन वर्षांपूर्वीपर्यंत ही मुलगी याच घरांमध्ये आनंदाने राहत होती. स्वभाव असा एका वर्षात पालटत नाही. तसे दिसले की मधल्या काळात काय घडले, ते विचारावे लागते.

सईशी मी एकटीशी बोलले. “का जायचं नाही?” असे विचारून उपयोग नव्हता, घरी तो प्रश्न विचारून झाला होता आणि “असंच” हे उत्तरही मिळून झाले होते. मी तिला कोरा कागद देऊन नागपूरपासून साताऱ्यापर्यंतचा रस्ता काढायला सांगितला आणि वाटेतल्या प्रत्येक घराशेजारी तिथले जे आठवेल ते काढ म्हटले. नाशिकच्या घरापाशी तिने गच्ची आणि एक कुत्रा काढला. साताऱ्याला स्वयंपाकघरात बसलेली आजी आणि तिच्यासमोर परातभर आंबे. संभाजीनगरच्या घरात बरीच माणसे होती आणि एका कोपऱ्यात प्रश्नचिन्ह. तिथले काका दरवर्षी टक्केवारी विचारतात, असे तिने हसत सांगितले. पुण्याच्या घराचा मात्र नुसता चौकोन होता, तोही पेन्सिल इतकी दाबून काढलेला की कागदाच्या मागच्या बाजूला वळ उठले होते.

सगळ्या घरांना असलेला नकार मुळात एकाच घराला होता. मुले असे पुष्कळदा करतात. एका घराचे नाव घेतले की “तिथेच का नाही?” हा पुढचा प्रश्न येणार, हे त्यांना कळते, म्हणून ती सगळ्याच घरांवर काट मारतात.

अशा वेळी पहिला प्रश्न सुरक्षिततेचा असतो आणि तो आडवळणाने विचारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या घरात कोणाच्या वागण्याची, बोलण्याची, स्पर्शाची भीती वाटते का, हे मी सईला सरळ विचारले. उत्तर होकारार्थी असते, तर सहलीचा विषय तिथेच थांबला असता, कारण 2012 च्या पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलांसाठी 1098 ही मदतवाहिनीही आहे. सईने मान हलवून नाही म्हटले, आणि मग थांबत थांबत जे सांगितले ते असे.

मागच्या उन्हाळ्यात पुण्याच्या घरी सगळ्या मुलांच्या गाद्या दिवाणखान्यात घातल्या होत्या. तिची पाळी त्या रात्री अचानक आली आणि सकाळी चादरीला डाग होता. तिने चादर गुंडाळून ठेवली. काकूंनी ती उलगडली आणि चहाच्या टेबलाशी सगळे बसलेले असताना, “अगं, त्यात काय लाजायचं, होतं असं,” असे म्हणत पाठीवर थोपटले. टेबलाशी काका होते, तिचे बाबा होते आणि काकूंचा पंधरा वर्षांचा मुलगा होता. काकूंचा हेतू चांगला होता, हे सईलाही मान्य होते. “पण त्या हळू बोलू शकल्या असत्या ना,” ती म्हणाली.

तेव्हा आई अंघोळीला गेली होती. तिला यातले काहीच ठाऊक नव्हते. मोठ्यांना ही गोष्ट किरकोळ वाटेल. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने 1967 मध्ये किशोरवयीनांच्या ‘काल्पनिक प्रेक्षकां’ची कल्पना मांडली, आपल्याकडे सतत कोणीतरी पाहत आहे, असे या वयात वाटत राहते. सईच्या बाबतीत तर प्रेक्षक खरेच टेबलाभोवती बसलेले होते. शिवाय सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत पाळीचे चक्र 21 ते 45 दिवसांपर्यंत मागेपुढे होत असते, त्यामुळे तारीख पाहून सहल ठरवा, हा सोपा सल्लाही तिच्या कामाचा नव्हता.

आईला सांगायला सईने परवानगी दिली, वडिलांना सांगायला नाही. ती अट मी पाळली. आईबरोबर बसून आम्ही जे ठरवले ते अगदी व्यवहारातले होते. निघण्याआधीच आईने प्रत्येक घरी फोन करून “सई माझ्याजवळच झोपेल” असे सांगायचे, म्हणजे रात्री गाद्या घालताना त्यावर चर्चा होणार नाही. सॅनिटरी पॅड, गडद रंगाची सलवार आणि जुन्या वर्तमानपत्राच्या घड्या असलेली छोटी पिशवी डिकीतल्या मोठ्या बॅगेत न ठेवता तिच्या पाठीवरच्या सॅकमध्ये राहील. चारचौघांत नकोसे झाले की सईने आईला “गाडीची किल्ली कुठे आहे?” असे विचारायचे आणि आईने काही न विचारता तिच्याबरोबर बाहेर पडायचे. ही शेवटची कल्पना सईची स्वतःची, आणि मला ती फार आवडली. प्रत्येक घरी किती रात्री, हे कागदावर लिहून तिच्या हाती द्यावे, असे मी सुचवले. “बघू, आग्रह झाला तर राहू एक दिवस” हे वाक्य मोठ्यांना सुखाचे वाटत असले तरी सुटकेचा दिवस माहीत नसलेल्या मुलाला ते जड जाते.

पुण्याला दोनऐवजी एकच रात्र, असे ठरले. वडिलांना ते रुचले नाही. ते मला भेटायला आले तेव्हा त्यांचा सूर दुखावलेला होता. “कारण तर कळू द्या. तो माझा रूम पार्टनर होता,” ते म्हणाले. कारण आहे, ते तुमच्या मित्राच्या चारित्र्याशी संबंधित नाही, आणि ते सांगायचे की नाही हा तुमच्या मुलीचा अधिकार आहे, एवढेच मी सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी निघण्याची तारीख विचारात घेण्यासारखी आहे का, असा निराळाच प्रश्न काढला. तो प्रश्न चांगला होता. विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा आठ-पंधरा दिवस उशिरा उघडतात. त्यामुळे जूनच्या मध्यानंतर नागपूरची मंडळी सुट्टीच्या थाटात पोहोचतात, तेव्हा पुण्या-नाशिकच्या यजमानांकडे वह्या-पुस्तकांची आणि डब्यांची धांदल चालू असते. त्यांनी मे महिन्यातच निघायचे ठरवले.

सहल पार पडली. संभाजीनगरच्या काकांनी टक्केवारी विचारलीच. “तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल,” असे वडिलांनी उत्तर दिले आणि विषय बदलला. किल्लीचा प्रश्न सईने नाशिकला विचारला, जिथे त्याची गरज पडेल असे कोणालाच वाटले नव्हते. पुण्याच्या काकू मात्र “इतक्या लांबून येऊन एकच रात्र?” म्हणून खट्टू झाल्या, आणि ती नाराजी पुरती गेलेली नाही. दिवाळीत ते कुटुंब नागपूरला येणार आहे. आपली खोली पाहुण्यांना द्यायला सई तयार आहे. कपाटाला तेवढे कुलूप लावून हवे, असे तिने आईला सांगितले आहे.