‘सगळे सेटल झाले, मी अजून शिकतेच आहे’

मी समुपदेशक आहे, आणि हे वाक्य घेऊन माझ्याकडे सतत कुणी ना कुणी येतं. कधी पीएचडी करणारी मुलं-मुली, कधी त्यांचे आईवडील. पुण्यात संशोधन संस्था बऱ्याच, त्यामुळे माझ्या वाट्याला ही मंडळी जरा जास्तच येतात. प्रत्येकाला वाटतं, हे आपलंच दुखणं आहे. म्हणून एकीची हकिगत लिहिते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

गार्गी आली तेव्हा पीएचडीच्या पाचव्या वर्षात होती, वय २९. चेतापेशींतल्या मायटोकॉन्ड्रियांना (पेशीला ऊर्जा पुरवणारे तिच्यातले बारीक घटक) हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाची खूण लावायची आणि त्या जिवंत पेशीत कशा हिंडतात, ते लेझरच्या उजेडात टिपायचं, हे तिचं काम. दिवसा मायक्रोस्कोपचे स्लॉट सीनियर लोक घेतात, म्हणून हिच्या वाट्याला रात्र. झोप उडालेली, घरचा फोन आला की छातीत धडधड.

“मॅडम, माझी पाच वर्षं पाण्यात गेली. बारावीतल्या मैत्रिणीनं वाकडला टूबीएचके घेतला. मी फेलोशिप कधी जमा होते याची वाट बघत बसलेय.”

धीर द्यायला तिच्या गाइडनी एरिक बेट्झिग यांची गोष्ट सांगितली होती. संशोधनाला वैतागून बेट्झिग वडिलांच्या मशिन टूल कंपनीत गेले. पुढे परत येऊन मित्राच्या दिवाणखान्यात त्यांनी नव्या तऱ्हेचा मायक्रोस्कोप जुळवला आणि २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं.

“ऐकून मला उलट जास्त वाईट वाटलं. मी काही बेट्झिग नाही.”

वाटणारच. खचलेल्या माणसाला नोबेलच्या गोष्टी सांगू नयेत, या मताची मी आहे. त्यातून दिलासा कमी आणि नवी मोजपट्टीच जास्त मिळते. मी तिला डग्लस प्रॅशर यांच्याबद्दल विचारलं. ती जे हिरवं प्रथिन रोज वापरते, त्याचा जनुक याच माणसानं १९९२ मध्ये वेगळा करून दाखवला. पुढे पैसा मिळेना, तेव्हा त्यांनी तो जनुक इतरांना देऊन टाकला. २००८ मध्ये त्या प्रथिनाच्या कामाबद्दल शिमोमुरा, चाल्फी आणि चिएन यांना नोबेल जाहीर झालं, तेव्हा प्रॅशर अलाबामात एका मोटारविक्रेत्याची व्हॅन चालवत होते.

“ही गोष्ट लॅबमध्ये कुणी मोठ्यानं बोलत नाही,” गार्गी म्हणाली. थोडं थांबून तिनंच भर घातली, “पण त्यांचा जनुक तर चाललाच ना. मी रोज वापरते.”

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची मी जुनी विद्यार्थिनी. कामाचं मोजमाप करावं, अख्ख्या माणसाचं करू नये, हे मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे. पण सांगून पटतं थोडंच? समोरच्याला ते स्वतःच्या वाटेनं सापडावं लागतं, आणि गार्गीची वाट तिच्या मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीतून जात होती.

एका भेटीत मी म्हटलं, तुझं काम दाखव तरी. तिनं मोबाइलवर व्हिडिओ लावला. काळ्या पडद्यावर हिरव्या दोऱ्याचे बारीक तुकडे. एक सरकत पुढे गेला, अडला, उलटा फिरला. एक मध्येच तुटून त्याचे दोन झाले. “हे बघा, इथे!” म्हणताना तिचा आवाज पार बदलला. मग लगेच पडला. “यातले सुरुवातीचे दोन महिने फुकट गेले. मला जे हिरवं दिसत होतं ते माझं प्रथिन नव्हतंच. पेशीला स्वतःचीच थोडी चमक असते.”

“ते कळलं कसं?”

“कंट्रोल लावला. खूण न लावलेल्या पेशी घेतल्या, लेझर तेवढाच, सेटिंग तेच. त्याही चमकल्या.”

मी विचारलं, “‘मी मागे पडले’ असं पीएचडीच्या आधी कधी वाटलं होतं?”

ती बराच वेळ गप्प बसली. मग हळूहळू एकेक निघालं. दहावीत आतेभावाला दोन टक्के जास्त पडले तेव्हा. बारावीला मेडिकल हुकलं तेव्हा. एमएस्सीला तर सुवर्णपदक मिळालं, त्या दिवशीसुद्धा! कारण दुसऱ्या कुणाला परदेशात प्रवेश मिळाला होता.

“म्हणजे पीएचडी नसतानाही ते होतंच,” ती म्हणाली, आणि स्वतःशीच हसली. “मॅडम, मी पाच वर्षं कंट्रोल न लावताच रिझल्ट वाचतेय.”

अशा वेळी मी बोलत नाही. समुपदेशकाचं कसब मला तरी इथेच दिसतं: पुढचं वाक्य आपल्याला माहीत असतं आणि ते गिळायचं असतं. ते तिनंच पूर्ण केलं. नोकरी धरली असती, फ्लॅट घेतला असता, तरी शेजारणीचा मोठा निघालाच असता.

पण सगळंच मनाचे खेळ म्हणून सोडून देणं ही लबाडी ठरेल. पेशीची स्वतःची चमक वजा केल्यावर जे उरतं ते खरं असतं, आणि गार्गीचंही बरंच उरलं. फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, नंतर ४२,००० रुपये, तीही अनेकदा उशिरा. गाइड ड्राफ्ट वाचून देत नाहीत. पुढे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन, मग कायमच्या जागा मोजक्याच. ही काळजी रास्त आहे, आणि तिच्यावर विचार बदलणं हा उपाय नाही. तिथे कागद-पेन घेऊन बसावं लागतं.

आम्ही बसलो. मायक्रोस्कोप जुळवता येतो, बिघाड ओळखता येतो, पायथॉनमध्ये हजारो चित्रांचं विश्लेषण करता येतं, हे तिच्या लेखी ‘काहीच नाही’ होतं. संस्थांच्या इमेजिंग फॅसिलिटीला, म्हणजे सगळ्यांसाठीचे मायक्रोस्कोप सांभाळणाऱ्या विभागाला, अशीच माणसं लागतात. झाइस, लायका, निकॉन यांसारख्या मायक्रोस्कोप बनवणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांच्या लॅबमध्ये जाऊन यंत्र चालवून दाखवणारे लागतात. प्राध्यापक होणं ही एक वाट झाली, ती जमली नाही म्हणजे सगळं संपलं असं होत नाही. गाइडना तिनं तारीख घालून ईमेल करायचं ठरवलं, आणि संस्थेच्या समितीपुढे थीसिसची मुदत मागायचं. शेवटचं तिला सगळ्यात जड गेलं.

तुमच्या घरात अशी मुलगी किंवा मुलगा असेल, तर ‘कधी संपणार?’ हा प्रश्न महिनाभर बाजूला ठेवून बघा. त्याऐवजी ‘या आठवड्यात काय दिसलं?’ असं विचारा. उत्तर कळलं नाही तरी चालेल. आणि झोप, जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलं असेल, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येत असेल, तर माझ्यासारखीकडे येण्याआधी मनोविकारतज्ज्ञाकडे जा.

गार्गीच्या आईलाही मी एकदा बोलावलं. त्या फटकन म्हणाल्या, “अहो, मला कुठे घाई आहे? जावा विचारतात, मला उत्तर देता येत नाही.” मग गार्गीनं तोच व्हिडिओ आईला दाखवला. आता त्या जावांना सांगतात की आमची पोर पेशींचं शूटिंग करते, आणि शूटिंग म्हटलं की वेळ लागणारच.