गावाकडे शेती करणाऱ्या भावाचं टेन्शन नवी मुंबईत बसून कसं कमी करायचं?

तुम्ही घणसोलीत राहता, भाऊ गावी कांदा करतो, फोनवर नीट बोलत नाही, असं लिहिलंय. आमच्या घरीही हेच. मी कोपरखैरण्यात आणि भाऊ साताऱ्याकडे.

गेल्या वर्षी तो माल घेऊन वाशी मार्केटला आला, रात्री जेवताना खिशातून व्यापाऱ्याने दिलेली हिशोबाची पट्टी काढली, हमाली तोलाई गाडीभाडं कापून हातात काय राहिलं ते दोनदा वाचलं आणि परत घडी घालून ठेवली, एक शब्द नाही. मी त्याला धीर देत बसलो, ते चुकलंच, नुसतं ऐकायला हवं होतं.

फरक पडला तो गावात. सोमवारी भजन झाल्यावर सात-आठ जण देवळात थांबायला लागले. सुरुवात फवारणी, भाव, शेतातल्या मोटारीची लाईट यावरून, मग हळूच एखादा गावच्या सोसायटीतून घेतलेल्या शेतीकर्जाचं बोलतो. मानसिक आरोग्य वगैरे बोर्ड लावला असता तर कुत्रं फिरकलं नसतं! बायकांचं बचत गटात निघतं, त्यांना घरातलं आधी कळतं. इथल्या तुमच्या गावच्या मंडळातून एखाद्याला हे सुरू करायला सांगा.

पण झोप उडाली असेल, ‘माझ्यानंतर’ अशी भाषा असेल तर सोमवारची वाट बघू नका. सरळ विचारा, जिवाचं काही करायचं मनात येतं का. विचारल्याने कोणी तसं करत नाही. फवारणीचं औषध घरातून हलवा, कुलपात ठेवा, एकटं सोडू नका. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. तुम्हीही लावू शकता.