तीन बत्तीसच्या अलीकडे की पलीकडे?

सातपूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात काम करणाऱ्या बत्तीस वर्षांच्या एका मैत्रिणीचे चार पानी पत्र आले आहे. त्यांचा जन्म नाशिकचाच, २२ जूनच्या पहाटेचा. दवाखान्याच्या कार्डावर वेळ ३.२० आहे, आईच्या आठवणीप्रमाणे ती ३.४५ होती, आणि गुरुजींनी काढून दिलेल्या गणितानुसार चंद्राने मिथुन रास सोडून कर्केत प्रवेश केला तो ३.३२ वाजता. पंचवटीतले गुरुजी त्यांना मिथुन राशीच्या ठरवतात, तर कॉलेज रोडवरचे ज्योतिषी कर्केच्या. आता मकर राशीच्या, श्रवण नक्षत्राच्या एका मुलाचे स्थळ आले आहे. मिथुन धरली तर षडाष्टक होते, म्हणजे दोघांच्या राशी एकमेकींपासून सहाव्या-आठव्या येतात आणि ते अशुभ मानतात, म्हणून आईचे म्हणणे असे की जन्मटिपणावर ३.४५ हीच वेळ घालावी आणि कार्ड कोणाला दाखवू नये. त्या विचारतात : "ताई, माझी खरी रास कोणती? मला कोणताही निर्णय पटकन घेता येत नाही, तो संधीवरच्या जन्माचाच परिणाम असेल का? एकांनी तर शांत करून घ्या असेही सुचवले आहे."

सप्रेम नमस्कार.

आधी एक सांगून टाकते. जन्माच्या वेळी चंद्र कोणत्या राशीत होता यावरून माणसाचा स्वभाव ठरतो, असे मला स्वतःला वाटत नाही. परंतु तुमच्या घरी पत्रिका पाहतात, मुलाच्या घरीही पाहणार आहेत, आणि पाहायचीच असेल तर ती नीट पाहावी, अर्धवट ऐकलेल्या शब्दांनी घाबरून जाऊ नये, एवढे मला नक्की वाटते. म्हणून काही वेळ त्यांच्याच नियमांनी बोलू.

रास तीस अंशांची असते आणि चंद्रबिंबाचा मध्य त्या सीमारेषेच्या अलीकडे असतो किंवा पलीकडे. 'थोडी मिथुन, थोडी कर्क' अशी तेरावी रास कोणत्याही पंचांगात नाही. मात्र ही रेषा कागदावरची आहे. चंद्र तासाला साधारण अर्धा अंश पुढे सरकतो, म्हणजे स्वतःच्या बिंबाच्या रुंदीएवढे अंतर काटायला त्याला जवळपास एक तास लागतो. तुमच्या कार्डावरची वेळ आणि आईच्या आठवणीतली वेळ यांच्यामधल्या पंचवीस मिनिटांत तो स्वतःच्या निम्म्या रुंदीइतकाही हललेला नव्हता. ज्या फरकावरून घरात महिनाभर अबोला चालला आहे, तो आकाशात एवढाच होता.

तुम्ही रोज व्हर्नियर हातात धरता, त्यामुळे पुढचे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले समजेल. एखादा शाफ्ट मर्यादेच्या अगदी काठावर आला, तर तो अर्धा पास आणि अर्धा नापास आहे असे तुम्ही रिपोर्टात लिहीत नाही. ज्याने मोजले त्या साधनाचे लघुत्तम माप किती, हे आधी पाहता. तुमच्या जन्माची वेळ कशाने मोजली गेली? बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत हे पाहून, हात धुऊन झाल्यावर एका परिचारिकेने भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वर करून पाहिले असेल आणि जवळच्या पाच मिनिटांचा आकडा लिहिला असेल. ते घड्याळ बरोबर चालत होते का, हे आता कोण सांगणार? आमच्या पंचवटीतल्या वाड्यात एस.टी. चुकू नये म्हणून ओटीवरचे घड्याळ कायम दहा मिनिटे पुढे ठेवलेले असे, आणि माझ्या दोन्ही धाकट्या भावंडांच्या जन्मवेळा त्याच घड्याळावरून टिपलेल्या आहेत. ती दहा मिनिटे वजा केली होती की नाही, यावर आजी आणि आत्या शेवटपर्यंत भांडल्या. आईच्या आठवणीला म्हणूनच मी खोटे म्हणणार नाही, पण तुमचे कार्डही काही वेदवाक्य नव्हे.

शिवाय तुमचे दोन्ही ज्योतिषी एकाच पद्धतीचे पंचांग वापरतात का, हे तुम्ही लिहिलेले नाही. राशिचक्राचा आरंभ कोठून धरायचा हा जुना वाद आहे. चित्रापक्षाचे गणित आणि टिळक पंचांगातले रैवतपक्षाचे गणित यांत सुमारे चार अंशांचा फरक पडतो, आणि तेवढे चालायला चंद्राला सात-आठ तास लागतात. रैवतपक्षाच्या गणिताने तुम्ही दोन्ही वेळांना कर्केच्याच ठरता, आणि मग पंचवीस मिनिटांचा हा सगळा वादच उरत नाही. 'माझी खरी रास कोणती' या प्रश्नाला म्हणूनच एवढेच उत्तर देता येते की कोणती वेळ आणि कोणते पंचांग धरायचे हे आधी ठरवावे आणि मग जी रास येईल ती घ्यावी. आवडती रास आधी निवडून तिला जुळणारी वेळ शोधू नये. आपल्या गावाला हे नवीन नाही. १४ जुलै २०१५ रोजी गुरूने सिंह राशीत प्रवेश केला तेव्हा सिंहस्थाचा ध्वज चढला. त्या मिनिटाला गोदावरीचे पाणी बदलले असे कोणी म्हणत नाही, पण एवढ्या मोठ्या पर्वाला आरंभाची एक घटका ठरवावी लागते आणि ठरली की सगळे ती पाळतात.

आता षडाष्टकाची भीती. मिथुन आणि कर्क यांची सीमा पुनर्वसू नक्षत्राच्या पोटातून जाते. त्याचे पहिले तीन चरण मिथुनेत आणि चौथा कर्केत. म्हणजे तुमची रास बदलली तरी चित्रापक्षाने नक्षत्र पुनर्वसूच राहते. गुणमेलनाच्या छत्तीस गुणांपैकी तारा, योनी, गण आणि नाडी यांचे एकवीस गुण नक्षत्रावरून मोजतात, त्यामुळे ते जागचे हलत नाहीत. पुनर्वसू आणि श्रवण ही दोन्ही देवगणी नक्षत्रे असल्यामुळे गणाचे सहा गुण पूर्ण मिळतात. एकाची नाडी आद्य आणि दुसऱ्याची अंत्य, म्हणून नाडीचे आठही पदरात पडतात. झाले चौदा. उरलेल्यांत मिथुन धरली तर भकूटाचे, म्हणजे दोन राशींमधल्या अंतराचे, सात गुण जातात हे खरे, पण राशिस्वामी बुध आणि शनी असल्यामुळे ग्रहमैत्रीचे पाचपैकी चार मिळतात. कर्क धरली तर समसप्तक होऊन, म्हणजे राशी एकमेकींपासून सातव्या येऊन, भकूटाचे सात येतात आणि चंद्र-शनीमुळे ग्रहमैत्रीचा जेमतेम अर्धा गुण हाती लागतो. म्हणजे अठरा गुणांचा जो उंबरठा मानतात, तो तुम्ही दोन्ही राशींनी ओलांडता. आणि ज्या षडाष्टकाचे नाव ऐकून आईंची झोप उडाली आहे, त्याचे दोन प्रकार असतात. मिथुन आणि वृश्चिक यांचे ते मृत्युषडाष्टक. मिथुन आणि मकर यांचे मात्र प्रीतिषडाष्टक, आणि ते विवाहाला चालते असे परंपराच सांगते. हे तुमच्या गुरुजींना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. बहुधा त्यांनी पहिले वाक्य सांगितले आणि दुसरे सांगण्याआधीच आई उठून निघाल्या.

शांतीचे म्हणाल तर जिथे रास आणि नक्षत्र दोन्ही एकदम संपतात, म्हणजे आश्लेषा-मघा, ज्येष्ठा-मूळ आणि रेवती-अश्विनी, त्या तीन ठिकाणांना गंडांत म्हणतात आणि संधीवरच्या जन्माची शांत सांगतात ती तिथल्या जन्मासाठी. तुमची सीमा त्यांत येतच नाही. पैसे जपून ठेवा. रविवारच्या पुरवणीतल्या इंग्रजी पद्धतीच्या भविष्यानेही आपण दोन राशींच्या मध्येच येतो, असे तुम्ही लिहिले आहे. ती सूर्याची सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेली, रास झाली. आपल्या निरयन, म्हणजे ताऱ्यांपासून मोजण्याच्या, पद्धतीत २२ जूनला सूर्य मिथुनेत येऊन आठवडा होत आलेला असतो, त्यामुळे दोन्हीकडून कात्रीत सापडल्याची समजूत सोडून द्यावी.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. चार पानांच्या पत्रात ग्रहांवर साडेतीन पाने आहेत आणि त्या मुलाविषयी फक्त दोन वाक्ये. गंगापूर रोडला मिसळ खाताना त्याने विचारले, "मला पुणे सोडता येणार नाही, नाशिक सोडायची तुमची मनापासून तयारी आहे का?" आणि तुम्ही हसून म्हणालात, "माझी रास द्विस्वभाव आहे, मला विचारू नका." पुढे लगेच तुम्ही पंचांगाकडे वळला आहात.

त्याने सरळ प्रश्न विचारला होता आणि तो उत्तरासाठी थांबला होता. तुम्हाला उत्तर सुचले नाही, की ते ठाऊक होते आणि सांगण्याचे धैर्य झाले नाही? कारखान्यात हजारो रुपयांचा माल नापास करताना तुमची सही थरथरत नाही, असे तुम्हीच अभिमानाने लिहिले आहे. ज्या बाईला तिथे ठरवता येते, तिला इथे ठरवता येत नाही याचे कारण पुनर्वसूच्या चरणात शोधण्याऐवजी घरात शोधलेले बरे. वडील गेल्यापासून आई एकट्या आहेत, हे तुम्ही कंसात लिहून टाकले आहे. माझ्या मते पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच. आई एकट्या पडतील म्हणून पुण्याला जायचे नसेल, तर तेच त्याला सांगा. त्यावर बोलून मार्ग काढता येतो. चंद्र सीमेवर आहे असे सांगितल्यावर समोरच्या माणसाला बोलण्यासारखे काही उरत नाही.

टिपणाचे मात्र लपवू नका. त्यावर दोन्ही वेळा स्वच्छ लिहा : ३.२० (दवाखान्याच्या कार्डावरून) आणि ३.४५ (आईच्या आठवणीप्रमाणे), नक्षत्र पुनर्वसू. शक्य झाले तर आईंना बरोबर घेऊन पंचवटीतल्या त्याच गुरुजींकडे पुन्हा एकदा जा आणि प्रीतिषडाष्टकाचे त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. माझ्यापेक्षा त्यांचे शब्द आईंना लवकर पटतील. लग्नानंतर कपाटात ते कार्ड सासूबाईंच्या हाती लागण्यापेक्षा आत्ताच मेजावर ठेवलेले चांगले. त्या बैठकीत मुलाच्या आईंनाही सहज विचारा, त्याची जन्मवेळ कोणत्या घड्याळावरून लिहिली होती ते.