स्लॉट कार ट्रॅकवर (खाचेत अडकून, खाचेच्या दोन बाजूंच्या रुळांतून वीज घेत पळणाऱ्या खेळण्यातल्या गाड्यांच्या ट्रॅकवर) गाडी शेवटच्या वळणावर मंदावते आणि मग पुन्हा पळते. जास्त व्होल्टचा अडॅप्टर घ्यावा की रूळ पॉलिश पेपरने घासावेत?

दोन्हीही करू नयेत. ज्या दोन उपायांतून आपल्याला एक निवडायचा आहे, ते दोन्ही माझ्या घरी एकाच दिवाळीत, एकाच माणसाच्या हट्टाने करून झालेले आहेत आणि त्यांचे परिणाम मी अजून पुसतो आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझा संच स्कॅलेक्स्ट्रिक या कंपनीचा, १:३२ मापाचा (म्हणजे खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्श्याच्या गाड्यांचा), जुन्या ‘क्लासिक’ रुळांचा. काकांनी तो इंग्लंडहून येताना कपड्यांच्या घड्यांमध्ये एकेक तुकडा खुपसून आणला होता. ठाण्याच्या घरात सोफा भिंतीला सरकवून तो मांडला की एक वळण टीव्हीच्या कपाटाखालून जात असे आणि नेमकी तिथेच गाडी दमल्यासारखी चालत असे. तेथून चार तुकडे पुढे, वीजपुरवठ्याच्या तुकड्यापाशी येईपर्यंत, ती पुन्हा उधळलेली असे. माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, एका कारखान्याच्या देखभाल विभागात होते, त्यामुळे नातेवाइकांकडील कोणत्याही बिघडलेल्या वस्तूवर पहिला हक्क त्यांचा असे. “अरे, रूळ काळे पडलेत, करंट जाणार कुठून?” असे म्हणून त्यांनी झिरो नंबरचा पॉलिश पेपर मागवला आणि भाऊबीजेच्या दुपारी, जेवणे होण्याआधीच, सगळे रूळ चांदीसारखे चमकेपर्यंत घासून काढले. त्या संध्याकाळी गाड्या खरोखरच वेगाने पळाल्या, हे मी नाकारत नाही. ते वळण मात्र होते तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निदान बदलले. आता दोष ट्रान्सफॉर्मरचा ठरला आणि लॅमिंग्टन रोडवरून १८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आला. मूळचा १२ व्होल्टचा होता. परिणाम असा की पुरवठ्याजवळच्या सरळ पट्ट्यावरून सुटलेली गाडी पहिल्याच वळणावर ट्रॅक सोडून सोफ्याच्या पायावर आदळू लागली, कपाटाखाली मात्र बाकीच्या ट्रॅकच्या मानाने तशीच रेंगाळत राहिली आणि तिसऱ्या दिवशी एका गाडीच्या मोटरमधून जळका वास आला. ती मोटर गेली ती गेलीच. पुढच्या जूनमध्ये माळ्यावरून खोके काढले तेव्हा घासलेल्या रुळांवर तांबूस बुरशीसारखा गंज पसरलेला होता. जुन्या पोलादी रुळांवर मुलामा असतो, पॉलिश पेपर काळेपणाबरोबर तो मुलामाही काढतो आणि उघडे पडलेले पोलाद ठाण्याच्या पावसाळ्यात किती टिकणार, हे देखभाल विभागातल्या माणसाला मी सांगण्याची गरज नव्हती.

खरा दोष मला नंतर सापडला, तो स्कूटरच्या इंडिकेटरच्या १२ व्होल्टच्या बल्बामुळे. मल्टिमीटर लावू नका असे मी म्हणत नाही, परंतु ट्रॅकवर गाडी नसताना मीटर बहुतेक ठिकाणी पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण प्रवाह नाममात्र असल्यामुळे खराब सांध्यात काही खर्चच होत नाही. सांध्याचा कमकुवतपणा भार आल्यावरच दिसतो आणि बल्ब तो भार टाकतो. बल्बाला दोन वायरी जोडाव्यात, कोणाला तरी कंट्रोलरचा (हातातल्या वेग-नियंत्रकाचा) घोडा पूर्ण दाबून बसवावे आणि वायरींची टोके एकाच खाचेच्या दोन्ही रुळांवर टेकवत तुकड्यामागून तुकडा पुढे जावे. माझ्या वेळी घोडा दाबायला भाऊजींचीच मुलगी बसली होती. बल्ब हळूहळू मंद होत गेला, कपाटाखाली त्याची तार नुसती लाल दिसू लागली आणि पुढचा एक सांधा ओलांडताच तो लख्ख पेटला.

याचा अर्थ नीट समजून घ्यावा. ट्रॅक वर्तुळाकार असल्यामुळे वीज पुरवठ्याच्या तुकड्यापासून दोन्ही बाजूंनी वाहते, त्यामुळे कपाटाखालचे वळण मागच्या बाजूने अवघे चार तुकडे दूर होते. मधला एक सांधा पूर्ण तुटल्यामुळे त्या वळणाला वीज संपूर्ण फेरी मारून पोहोचत होती. आपण लिहिता की गाडी शेवटच्या वळणावर मंदावून ‘मग पुन्हा पळते’. त्या पुन्हा पळण्यातच आपले उत्तर आहे: जिथे ती एकदम उसळी घेते, त्याच्या अलीकडचा सांधा तपासावा. मी तो तुकडा सोडवला तेव्हा रुळाच्या टोकाची पत्र्याची जीभ वाकून शेजारच्या रुळाला शिवतच नव्हती. नोज प्लायरने ती जरा दाबली, तुकडे पुन्हा अडकवले आणि वळणावरचा मंदपणा गेला.

मंदपणा फेरीच्या मध्यावर सर्वांत जास्त आणि दोन्हीकडे हळूहळू कमी होत असेल, तर गुन्हेगार एक सांधा नसून सगळे मिळून असतात. तेव्हा पुरवठ्याच्या तुकड्यापासून मध्यावरच्या तुकड्यापर्यंत, ट्रॅकखालून, प्रत्येक खाचेसाठी वेगळी वायरींची जोडी न्यावी. डावा रूळ डाव्यालाच जोडला आहे ना, हे तीनदा पाहावे, कारण उलटसुलट झाल्यास थेट शॉर्ट होतो. ‘क्लासिक’ आणि नंतरचे ‘स्पोर्ट’ तुकडे मिसळले असतील तर मधला जोडतुकडा आधी तपासावा.

गाडीच्या पोटाखाली तांब्याच्या विणलेल्या ज्या दोन पट्ट्या असतात (त्यांना शौकीन लोक ब्रेड म्हणतात आणि ‘ब्रेड काळा पडलाय’ हे ऐकून आईने एकदा फ्रिज उघडून पाहिला होता) त्यांचे सुटे केस दोन्ही रुळांना एकदम शिवत नाहीत ना, तेही पाहावे. तथापि गाडीचा दोष असेल तर ती सगळीकडेच अडखळेल.

रूळ पुसायला स्वच्छ कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरते. मी पावसाळ्याआधी शिलाई यंत्राच्या तेलाचा हात देतो आणि मांडण्यापूर्वी तो कोरड्या कापडाने पूर्ण काढतो, कारण राहिलेले तेल टायरला लागले की मागची बाजू प्रत्येक वळणावर बाहेर फेकली जाते.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. आपला संच कारेरा या दुसऱ्या कंपनीचा असेल तर त्याचे रूळ स्टेनलेस स्टीलचे असतात, तेव्हा गंजाविषयीचा माझा त्रागा आपल्याला फारसा लागू नाही. डिजिटल संचात रुळांतून विजेबरोबर गाड्यांसाठीचे संदेशही जातात, त्यामुळे तिथे परका अडॅप्टर जोडण्याचा विचारही करू नये. वायरींचे काम करताना प्लग भिंतीतून काढलेला असावा. आणि फारच गंजलेल्या जुन्या रुळांवर अगदी मऊ घासणी चालते, हेही मान्य करतो, म्हणजे भाऊजी पूर्णपणे चुकले नव्हते. माझ्या रुळांवर तेव्हा गंज नव्हता, एवढेच.

तो १८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर अजून माळ्यावर आहे. “टाकू नकोस, कधीतरी लागेल,” असे भाऊजी दर दिवाळीला सांगतात.